कोर्ट लांब, बायबल घरात

चार्ल्स पोर्टिस यांची 'ट्रू ग्रिट' ही १९६८ सालची कादंबरी एका साध्या अडचणीपासून सुरू होते. आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथ गावात फ्रँक रॉस या शेतकऱ्याचा खून होतो. खुनी टॉम चेनी हा त्याच्याच शेतावरचा गडी. तो हद्द ओलांडून इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, पळून जातो. गावच्या शेरीफचा अधिकार तिथे चालत नाही. जाऊ शकतात ते केंद्र सरकारचे मार्शल, आणि त्यांच्या मागे आधीच कामांची रांग आहे. मृताची चौदा वर्षांची मुलगी मॅटी हे सगळं ऐकून घेते आणि रूस्टर कॉगबर्न नावाच्या एका डोळ्याने आंधळ्या मार्शलला स्वतःच्या पैशाने कामाला लावते.

अमेरिकी सरहद्दीवरच्या कादंबऱ्यांत कुटुंबनिष्ठा आणि धर्मश्रद्धा इतक्या ठळक का असतात, हे या अडचणीतून नीट समजतं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागले. जमीन मिळाली, पण तिची राखण करणारा पोलीस आणि तंटा सोडवणारा न्यायाधीश मागून यायचे, कित्येकदा फार मागून. तोवर भरवसा भावाचा आणि चुलत्याचा. बरोबर काय, चूक काय, हे विचारायचं घरातल्या बायबलला. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदीही पुष्कळ घरांत त्याच ग्रंथाच्या कोऱ्या पानांवर होत. सरकारी दप्तराचं काम असं घरात आणि प्रार्थनेत वाटलं गेलं होतं.

लेखकाला गोष्ट सापडते ती मात्र पुढे, कारण या दोन निष्ठा एका दिशेने ओढत नाहीत. नातं म्हणतं, आपल्या माणसाच्या रक्ताचा जाब विचार. बायबल सांगतं, सूड देवावर सोड. चांगली वेस्टर्न कादंबरी ही ओढाताण लवकर मिटू देत नाही.

लुई लामूर यांनी ती जवळजवळ टाळली. त्यांची सॅकेट घराण्याची मालिका १७ कादंबऱ्यांची आहे. टेनेसीच्या डोंगरातलं हे घराणं, आणि त्यांचा दंडक एकच: एक सॅकेट अडचणीत आला की बाकीच्यांनी धावून जायचं. 'द सॅकेट ब्रँड'मध्ये बायकोचा खून झालेला टेल सॅकेट ॲरिझोनाच्या रानात एकटा शत्रूंशी झुंजतो आणि दूरदूरचे भाऊबंद खबर लागताच निघतात. वाचताना छाती भरून येते. पण घराणं नेहमीच बरोबर ठरत असल्यामुळे मनाला टोचणी लागत नाही, आणि माझ्या लेखी ही उणीव मोठी आहे.

झेन ग्रे यांनी १९१२मध्येच जास्त अवघड वाट धरली होती. 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' घडते १८७१च्या युटात. तिथे मॉर्मन पंथाचे लोक १८४७पासून वसले होते. कादंबरीतल्या गावात कायदा लांब नाही. पंथ हाच कायदा आहे. जेन विदरस्टीन ही वडिलांच्या मागे मोठी रँच सांभाळणारी श्रद्धाळू मॉर्मन स्त्री. पंथातला वजनदार टल तिच्याशी लग्न करू पाहतो. ती नकार देते आणि मग तिचे कळप हाकलले जातात, गुराखी काम सोडतात, घरातल्या मोलकरणी पाळत ठेवू लागतात. कुणी उघड धमकी देत नाही. माणूस एकटा कसा पाडतात, हे ग्रे पायरीपायरीने दाखवतात. त्यात येतो लॅसिटर, आपल्या बहिणीची वाताहत कुणी केली याचा शोध घेणारा बंदूकबाज. ज्या बिशपवर जेनची श्रद्धा, तोच लॅसिटरचा गुन्हेगार. श्रद्धेपोटी ती बिशपला वाचवू बघते आणि लॅसिटरने बंदुका खाली ठेवाव्यात म्हणून त्याची मनधरणी करते. तिचं एकही पाऊल साफ चूक वाटत नाही. शेवटी ती, लॅसिटर आणि फे ही सांभाळलेली पोर अशा तिघांचं नवं कुटुंब उरतं, रक्ताचं कुठलंच नातं नसलेलं. ग्रे यांचे मॉर्मन पुढारी मात्र एकाच काळ्या रंगात रंगवलेले आहेत. छळामुळेच हे लोक इलिनॉय सोडून तिकडे गेले होते, याचं भान ठेवूनच हे पुस्तक वाचायला हवं.

निष्ठा किती काळवंडू शकते, हे ॲलन ले मे यांच्या 'द सर्चर्स'मध्ये (१९५४) दिसतं. कोमांची टोळीने पळवलेल्या पुतणीला अमॉस एडवर्ड्स वर्षानुवर्षं शोधतो. बरोबर असतो त्या घरात वाढलेला पोरका मार्ट. अमॉसच्या मनात मुलीच्या सुटकेहून सूड मोठा झालाय, हे मार्टच्या हळूहळू ध्यानात येतं. खऱ्या इतिहासात सिंथिया ॲन पार्कर हिला १८३६मध्ये टेक्सासमधून लहानपणी पळवून नेलं होतं. १८६०मध्ये तिला परत आणलं तेव्हा ती कोमांची संसारातली आई होती. तिने पळून जायचा प्रयत्न केला. तिचं कुटुंब तिकडे होतं.

मॅटीकडे परत जायचं ते तिची श्रद्धा वेगळ्या जातीची आहे म्हणून. ती कट्टर प्रेस्बिटेरियन. देव कुणाला तारणार हे आधीच ठरलेलं आहे, या मतावर ती ठाम आहे आणि निवेदनाच्या मध्येच थांबून त्यावर वाद घालते. तिच्या जगात देवाची कृपा तेवढी फुकट, बाकी सगळ्याची किंमत मोजावी लागते. म्हणून घोड्यांच्या व्यापाऱ्याशी ती डॉलर-डॉलरवर भांडते. टेक्सासचा रेंजर लाबीफ चेनीला दुसऱ्या एका खुनासाठी तिकडे न्यायचं म्हणतो. फाशी शेवटी फाशीच, पण मॅटीला ते चालत नाही. तिच्या वडिलांच्या खुनाबद्दलच तो लटकला पाहिजे. पोर्टिस यांनी इथे निष्ठा भावनेतून उचलून हिशेबात आणली आहे, आणि त्यामुळे ती अधिक खरी वाटते. किंमत मॅटीही मोजते: सर्पदंशाने तिचा हात जातो. पुढे म्हाताऱ्या रूस्टरचं प्रेत ती मेम्फिसहून आणवते आणि रॉस घराण्याच्या दफनभूमीत पुरते. पैसे देऊन लावलेला माणूस घरचा झाला, हे ती तोंडाने कधी म्हणत नाही.

या सगळ्या पुस्तकांत मूळनिवासी बहुधा धोका म्हणून येतात; त्यांची नाती आणि त्यांचे देव चौकटीबाहेर राहतात. त्यासाठी जेम्स वेल्श यांची 'फूल्स क्रो' (१९८६) वाचावी. वेल्श स्वतः ब्लॅकफीट वंशाचे. मोंटानातल्या पिकुनी टोळीतला तरुण नायक स्वप्नं आणि दृष्टान्त यांच्या आधारे निर्णय घेतो. कावळा त्याला वाट दाखवतो. इथेही भाऊ आहेत, सूड आहे, आणि टोळीपेक्षा स्वतःचा राग मोठा मानणारा आउल चाइल्ड आहे. हा आउल चाइल्ड इतिहासातलाही माणूस. १८६९मध्ये त्याने माल्कम क्लार्क या गोऱ्या व्यापाऱ्याला मारलं. क्लार्कची बायको आउल चाइल्डच्या नात्यातली. भांडण घरगुती होतं. त्याचा जाब विचारायला लष्कर निघालं आणि २३ जानेवारी १८७० रोजी मरायस नदीकाठी भलत्याच, सलोख्याने राहणाऱ्या छावणीवर तुटून पडलं. मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. मॅटीला जे सरकार हद्दीपलीकडे सहज पोचताना दिसत नाही, ते या कादंबरीत पोचतं ते असं, घोडदळासकट.