कंपाउंडबाहेरचा शेजार

नेकनूरहून मांजरसुंब्याला आलं की रस्ते फुटतात. एक बीडला जातो, एक चौसाळ्यावरून खाली सोलापूरच्या बाजूला उतरतो आणि एक पाटोद्यामार्गे जामखेडला. पाटोदा बीड जिल्ह्यात, जामखेड नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात. पण बालाघाटाच्या माथ्यावरच्या या पट्ट्यात जिल्ह्याची हद्द नकाशावरच दिसते. तेच मुरमाड रान, तीच सीताफळाची झुडपं, तोच दगा देणारा पाऊस. दिवाळी झाली की भांडीकुंडी, लेकरं आणि शेळ्या घेऊन ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं दोन्हीकडे सारखीच.

नेकनूरची ओळख जोग महाराजांचे शिष्य बंकटस्वामी यांच्या मठामुळे. हरिनाम सप्ताह बसला की घरोघरचा शिधा गोळा होतो आणि पंगतीला आलेल्याला कोणी नाव विचारत नाही. शेजाऱ्याची भूक भागवणं या मुलखाला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही दाराशी आलेल्याला वाढणं वेगळं आणि जो दाराशी येऊच शकत नाही त्याच्या दारी जाणं वेगळं. याच मुलखात एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने हे दुसरं काम केलं आणि ते करताना आपल्याच मंडळीची जुनी रीत बदलून टाकली. नेकनूरच्या माणसाने तिसरी वाट धरून जामखेडला जावं ते या कामासाठी.

जुनी रीत आधी सांगायला हवी. अमेरिकन मराठी मिशन नगरमध्ये १८३१ साली आलं. शाळा, वसतिगृहं, दवाखाने, देऊळ (मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला देऊळच म्हणतो) आणि या सगळ्याभोवती भिंत. या आवाराला सगळा महाराष्ट्र ‘मिशन कंपाउंड’ म्हणून ओळखतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत या कंपाउंडांनी हजारो जीव जगवले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवा आणल्या, त्यांना अक्षर आणि हातात कसब दिलं. या कामाचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण त्याची दिशा एकच होती: गरजू माणसाने भिंतीच्या आत यायचं. आत आला तो जगला. बाहेर राहिलेल्या गावात पुढच्या वर्षी तोच आजार, तेच गढूळ पाणी, तीच बाळंतिणीची उपासमार.

ही गोष्ट डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या ध्यानात आली ती नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात. रजनीकांत राहुरीचे, शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव. मेबल यांचे वडील जबलपूरला ख्रिस्ती धर्मशास्त्राचे प्राध्यापक. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. १९६० साली लग्न करतानाच त्यांनी आयुष्य खेड्यातल्या रुग्णांसाठी द्यायचं ठरवलं होतं. वडाळ्याला त्यांनी १९६२ ते १९६६ मनापासून काम केलं. रुग्ण येत, बरे होत, घरी जात आणि काही महिन्यांनी तेच दुखणं घेऊन परत येत. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते आणि ते टाळण्याची जागा दवाखान्यात नव्हतीच. पुढे अमेरिकेत शिकायला गेल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली त्यांनी या प्रश्नाचाच अभ्यास केला.

जगभरच्या चर्चमध्येही त्याच सुमारास हा विचार चालू होता. जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी १९६४ साली एक सल्लामसलत झाली. रोग बरा करण्याचं काम फक्त मिशन हॉस्पिटलच्या पगारी माणसांचं नाही, ते सगळ्या मंडळीचं आहे, असं तिथे मांडलं गेलं. त्यातूनच १९६८ साली जागतिक चर्च परिषदेने जिनिव्हात ‘ख्रिश्चन मेडिकल कमिशन’ नेमलं. जामखेडच्या कामाची दखल सुरुवातीलाच घेऊन ते जगापुढे नेलं ते या कमिशनने.

१९७० साली आरोळे दांपत्य जामखेडला आलं. गावाने त्यांना गुरांच्या दवाखान्याची जुनी, पडीक इमारत दिली आणि काम सुरू झालं. दोन वर्षांतच बहात्तरचा दुष्काळ आला. मिलो आणि सुकडी ज्यांनी खाल्ली त्यांना त्या वर्षाबद्दल काही सांगावं लागत नाही. चर्चच्या मदत संस्थांमार्फत धान्य येत होतं. कंपाउंडच्या रीतीप्रमाणे ते दवाखान्याच्या फाटकाशी वाटता आलं असतं. आरोळ्यांनी गावोगावच्या तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी केली आणि लहान मुलांच्या अन्नाची चूल त्यांच्या हाती दिली. लाकूडफाटा गावाचा, राबणारे हात गावाचे आणि सगळ्या जातींची पोरं एकाच ओळीत. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं गेलं. ज्या बाईला कालपर्यंत विहिरीपासून दहा हात लांब उभं राहून कोणी घागरीत पाणी ओतेल याची वाट पाहावी लागे, तिच्या दारात आता पाटलाच्या घरची घागर येऊ लागली. समतेवरची शंभर व्याख्यानं जे करू शकली नसती ते त्या लोखंडी दांड्याने केलं, असं मला वाटतं.

खरा बदल मात्र यानंतरचा. सुरुवातीला गावांत शिकलेल्या नर्स पाठवल्या गेल्या. ते जमलं नाही. एकटी, परगावची, तरुण मुलगी गावात राहायला बिचकायची आणि गावातल्या बाया तिचं ऐकायच्या नाहीत. मग गावातूनच सूचना आली की आमच्यातल्याच एखाद्या बाईला शिकवा. अशा रीतीने ज्या बाया पुढे आल्या त्यांतल्या बऱ्याच दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, बहुतेक निरक्षर. त्यांना निवडलं गावाने. आजवर ज्यांना मदत घेणारी म्हणूनच ओळखलं गेलं, त्या आता मदत करणाऱ्या झाल्या.

दर आठवड्याला या बाया जामखेडला येत. हातातलं काम टाकून, कडेवर तान्हं घेऊन, काही पायी. दिवसभर शिकणं चाले आणि रात्री मुक्काम. जेवण एकत्र. निजायला एकच मोठं पांघरूण, म्हणजे मराठ्याची सून आणि महार-मांगाची लेक यांना एकमेकींना बिलगूनच झोपावं लागे. पहिल्या रात्री कोणाला झोप लागली असेल असं वाटत नाही. पण आठवड्यामागून आठवडे गेले आणि त्या पांघरुणाखाली सासूच्या, नवऱ्याच्या, मेलेल्या लेकरांच्या गोष्टी निघू लागल्या. स्वतःचं नाव मोठ्याने सांगायला शिकणं हाही त्या शिक्षणाचाच भाग होता.

त्या काय शिकत? गरोदर बाईने पोटभर खावं. बाळ मोठं झालं तर अडेल म्हणून तिला अर्धपोटी ठेवत, ते थांबवावं. पहिल्या दिवसांचा चीक पिळून टाकू नये, तो बाळाला पाजावा. हगवण लागलेल्या लेकराचं पाणी तोडू नये, उलट मीठसाखरेचं पाणी चमच्या-चमच्याने देत राहावं. नाळ कापायला उकळलेलं पातं. गोवर हा कुणाचा कोप नाही. कुष्ठरोग्याच्या त्वचेवरचा बधिर चट्टा कसा तपासावा, क्षयाची गोळी मध्येच का सोडू नये. प्रत्येक गोष्ट गावात जाऊन दुसऱ्या बाईला सांगायची आणि पुढच्या आठवड्यात येऊन ती ऐकली गेली की नाही हे सांगायचं. एखादी हरली तर दुसरी आपण कसं पटवलं ते सांगे. डॉक्टर बहुतेक वेळा ऐकत बसत.

हे काम पगारी नव्हतं. पोटासाठी त्यांना लहान कर्जं मिळवून दिली गेली, त्यावर कोणी बांगड्या विकल्या, कोणी शेळ्या पाळल्या. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला एका आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली: सुंदर, महाग आणि हाताला न येणारी. स्वतःला त्यांनी साध्या दिव्याच्या जागी ठेवलं, कारण त्याच्यावरून दुसरा दिवा लावता येतो.

आकडेही बोलतात. आरोळ्यांच्या प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला, १९९३ साली १९ वर. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनी चालवलेल्या आरोग्यकामावर जे पुस्तक काढलं त्यात जामखेडवर प्रकरण होतं. त्याच दिशेने तीन वर्षांनी अल्मा आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ साली आरोळे पतीपत्नींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम पुढच्या पिढीकडे गेलं आणि चालू आहे.

आरोळे कुटुंब प्रार्थना करणारं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण त्यांनी सेवेच्या बदल्यात कोणाचा धर्म मागितला नाही. मिशनच्या मदतीबद्दल आपल्याकडे जी शंका घेतली जाते तिला याहून सरळ उत्तर मला दिसत नाही. त्यांनी शिकवलेल्या बायाही वारीला जाणाऱ्या, पोथी ऐकणाऱ्या, भीमजयंती करणाऱ्याच राहिल्या.

आज नेकनूरमध्ये या कामाची सावली रोज दिसते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावोगाव आशा नेमल्या गेल्या. गावातली बाई, गावाने निवडलेली, घरोघर जाणारी, ही कल्पना ज्या प्रयोगांतून आली त्यांत जामखेड पहिल्या रांगेत आहे. सरकारने साचा घेतला, पण त्याचा आत्मा घेतला का? आशाताई कागदोपत्री आजही स्वयंसेविका आहे. तिच्यावर सर्वेक्षणं, नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती भरणं हे सगळं लादलं गेलं आहे आणि मानधनासाठी तिला संपावर जावं लागतं. जामखेडच्या बायांनी पगाराशिवाय काम केलं हे खरं. पण त्यांना आठवड्याची ती बैठक होती, जिथे त्यांचं म्हणणं ऐकलं जाई, आणि गाव त्यांना आपली माणसं मानत होतं. हे काहीच न देता निव्वळ ‘सेवा’ या नावावर गरीब बाईकडून काम करून घेणं मला अन्याय वाटतो.

आणि या पट्ट्याची गरज संपलेली नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर सरकारने पाहणी केली, तेव्हा ८२ हजार ३०९ बायांपैकी १३ हजार ८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. फडावर खाडा पडला की कोयत्यामागे (म्हणजे तोडणाऱ्या जोडप्यामागे) दंड, पाळीच्या दिवसांतही वाकून तोडणी, आंघोळीला आडोसा नाही. अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलेल्या तिशीतल्या बाईला पिशवी काढायला सांगितलं जातं आणि ती उचल घेऊन पैसे भरते. हा धोका तिला आधी सांगणारी, दवाखान्यात तिच्यासोबत जाऊन ‘दुसऱ्या डॉक्टरला विचारू’ म्हणणारी बाई तिच्याच टोळीत हवी. टोळी दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरकडे जाते, म्हणून हे शिक्षण पावसाळ्यात गावातच व्हायला हवं. देवळातली मंडळी असो, मठातली असो की गावातलं महिला मंडळ, ज्याला शेजाऱ्यासाठी काही करायचं आहे त्याने आषाढात दहा ऊसतोड बाया आठवड्यातून एक रात्र मुक्कामाला बोलवाव्यात. काय शिकवायचं ते जामखेडच्या बायांना पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे.