हप्ता फारसा वाढला नाही, कर्ज मात्र वाढले!

आपल्या समाजाची एक पिढी शाळेत गेली, दुसरी नोकरीला लागली आणि आजची पिढी बँकेच्या कर्जावर स्वतःचे घर घेत आहे. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेरची झोपडीसुद्धा आपल्या नावावर म्हणता येत नव्हती, त्यांच्या नातवाच्या दारावर नावाची पाटी लागते, ही साधी गोष्ट नाही. आपण बुद्धवंदना घेतो, पाचशे माणसे जेवू घालतो; कर्जाचा करारनामा मात्र न वाचताच कपाटात ठेवून देतो. वकिली करताना अशी कपाटे मी पुष्कळ उघडली. त्यातले एक मोरा गावातले.

२०२३ सालचा मार्च महिना होता. अटल सेतू आणि उरणची लोकल सुरू व्हायला अजून अवकाश होता. ओहोटीमुळे मोरा बंदरातल्या गाळात लाँच येत नव्हती आणि आम्ही जेट्टीवर ताटकळत बसलो होतो. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर असलेला, ओळखीचा कार्यकर्ता शेजारी होता. वय अडतीस. मोऱ्याच्या जुन्या घराच्या कागदपत्रांवर कोणतीही बँक कर्ज देईना, म्हणून त्याने २०२० च्या अखेरीस द्रोणागिरी नोडमध्ये फ्लॅट घेतला. वीस लाख कर्ज, सात टक्के व्याज, वीस वर्षे मुदत, हप्ता १५,५०६ रुपये.

तो खुशीत होता. म्हणाला, "वकीलसाहेब, व्याजदर साडेनऊ झाला म्हणून सगळे बोंबलतायत. माझा हप्ता फक्त सातशे रुपयांनी वाढला!"

मी बँकेचे पत्र मागितले. हप्ता १६,२०० च्या आसपास, हे खरेच होते. पण त्याच पत्रात, खालच्या ओळीत, उरलेली मुदत २१६ महिन्यांवरून ३३६ महिने झाली होती. म्हणजे अठरा वर्षांची अठ्ठावीस वर्षे! जो माणूस छप्पन्नाव्या वर्षी कर्जमुक्त होणार होता, तो आता सहासष्टाव्या वर्षापर्यंत हप्ते भरणार होता. नोकरी साठीला संपणार.

तिथेच पत्राच्या पाठीमागे हिशेब केला. व्याज वाढल्यावरही मुदत अठराच वर्षे ठेवायची असती, तर हप्ता १८,४०० रुपये झाला असता. नव्या हप्त्यापेक्षा दरमहा बावीसशे जास्त. त्याने ते दिले असते तर एकूण ३९ लाख ७५ हजारांत कर्ज फिटले असते. बँकेने ठरवलेल्या मार्गाने त्याला ५४ लाखांहून अधिक भरावे लागणार होते. महिन्याला बावीसशे रुपये वाचवण्यासाठी साडेचौदा लाख! त्याच्या तोंडचे पाणी पळाले. लाँच आली, आम्ही चढलो, पण भाऊच्या धक्क्यापर्यंत तो फारसे बोलला नाही.

यात बँकेने बेकायदेशीर असे काही केले नव्हते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला आणि देशभर लाखो कर्जदारांच्या मुदती अशाच लांबल्या. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच आदेश काढावा लागला: व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा आणि केव्हाही अंशतः किंवा पूर्ण परतफेड करण्याची मुभा द्या. विचारण्याची सक्ती झाली. उत्तर देणे मात्र आपल्याकडेच आहे आणि आपण तिथेच गप्प बसतो.

हे गणित समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कर्जाच्या हप्त्यातून आधी व्याज कापले जाते, उरलेले मुद्दलात जाते. वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर १७,३५६ रुपयांच्या पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजाचे असतात. दहा वर्षे न चुकता हप्ते भरले, म्हणजे २० लाख ८३ हजार रुपये दिले, तरी १४ लाख बाकी असतातच. अर्धी मुदत संपली म्हणजे अर्धे कर्ज फिटले, असे समजणारी शिकलेली माणसे मला रोज भेटतात. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपण त्यांच्या घटनेवर तासभर बोलतो, पण घरातल्या रुपयाचा हिशेब मांडायला बसत नाही, याची मला खंत वाटते.

याच कर्जात दरमहा दोन हजार जास्त भरले, तर ते वीसऐवजी सुमारे साडेपंधरा वर्षांत संपते आणि साडेपाच लाख रुपये व्याज वाचते. जास्तीचा प्रत्येक रुपया थेट मुद्दलातून वजा होतो, म्हणून लवकर भरलेल्या रुपयाला मोल अधिक. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख भरले तर सव्वीस हप्ते कमी होतात. तेच एक लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले तर साडेआठ. निवृत्तीच्या फंडातून एकदम फेडू म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

कायदा आता कर्जदाराच्या बाजूने आहे. पूर्वी मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्याला बँका दंड लावत. फेडणे हा जणू गुन्हाच! ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने चल व्याजदराच्या गृहकर्जावर असा दंड घेण्यास बँकांना मनाई केली. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी नियम आणखी स्पष्ट झाले आहेत. अंशतः भरा वा पूर्ण भरा, पैसे कोठून आणले हे विचारायचे नाही आणि अमुक महिने थांबा अशी अटही घालायची नाही. स्थिर व्याजदराचे कर्ज असेल तर मात्र करारनामा वाचूनच पाऊल उचलावे.

खरी अडचण काउंटरवर येते. आमच्या या कार्यकर्त्याने दिवाळीच्या बोनसचे चाळीस हजार भरले आणि निश्चिंत झाला. तीन महिन्यांनी उतारा काढला तर ती रक्कम "आगाऊ हप्ता" म्हणून पडून होती. मुद्दल जसेच्या तसे. मग लेखी अर्ज दिला: ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी आणि नवे परतफेडपत्रक द्यावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. तेव्हा नोंद दुरुस्त झाली. तोंडी सांगितलेले कोणत्याही कार्यालयात टिकत नाही, हे आपल्या लोकांना मी निराळे सांगायला नको. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला वकीलही लागत नाही आणि फीसुद्धा.

आता दुसरी बाजू. मोरा कोळीवाड्यातल्या एका कुटुंबाने असेच कुणाचे तरी ऐकून मे महिन्यात घरातली सगळी शिल्लक कर्जात भरली. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला. त्यातच घरात आजारपण आले. शेवटी शेकडा तीन रुपये महिन्याने सावकाराचे पैसे उचलावे लागले. म्हणजे साडेआठ टक्के वाचवायला गेले आणि छत्तीस टक्के गळ्यात पडले. चूक त्यांची नव्हती, सल्ला देणाऱ्याची होती. ज्याची कमाई हंगामी आहे, कंत्राटावर आहे, रोजंदारीची आहे, त्याने आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला काढावेत. अंगावर खासगी सावकाराचे, क्रेडिट कार्डाचे किंवा पतसंस्थेचे महाग कर्ज असेल तर आधी ते फेडावे. घराचे कर्ज थांबू शकते.

आणखी एक गैरसमज फार महागात पडतो. "मागे लाखभर जास्त भरलेत, आता दोन-तीन हप्ते चुकले तर काय होणार?" असे म्हणून लोक निर्धास्त राहतात. मुद्दलात भरलेली रक्कम पुढच्या हप्त्याच्या बदल्यात धरली जात नाही. हप्ता नव्वद दिवसांवर थकला की खाते थकीत ठरते आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस घरावर येते. अशा नोटिसा घेऊन आलेल्या वहिनींचे चेहरे मी पाहिले आहेत. नवऱ्याने नेमके किती भरले आणि किती राहिले, हे बहुतेकींना कोणी सांगितलेलेच नसते.

आयकर वाचतो म्हणून कर्ज चालू ठेवा, असा सल्ला काही सुशिक्षित मंडळी देतात. जुन्या कररचनेत व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण शंभर रुपये व्याज देऊन जास्तीत जास्त तीस-एकतीस रुपयांचा कर वाचवण्यात कसले शहाणपण? नव्या कररचनेत तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाला ही सवलत नाहीच.

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर एक टक्क्याने उतरला, तेव्हा आमच्या कार्यकर्त्याला बँकेतून विचारणा झाली, हप्ता कमी करू का? त्याने नको म्हणून लिहून दिले. वाढवून घेतलेला हप्ता तसाच चालू आहे आणि दर दिवाळीला बोनसमधले काही मुद्दलात जाते. मुलीच्या कॉलेजची फी निघाली त्या वर्षी काहीच गेले नाही, तेही बरोबरच. कर्ज फिटेल तेव्हा तीस दिवसांच्या आत घराचे मूळ दस्तऐवज परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. त्याचा फ्लॅट सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे, तेव्हा बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन सिडकोच्या आणि सोसायटीच्या दप्तरी असलेली गहाणाची नोंदही त्याच महिन्यात काढून घ्यायची, असे मी त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.