खिरीची वाटी आणि आपले पोट : दूध न पचणे हा कमीपणा नाही

वैशाख पौर्णिमेला विहारात खीरदान असते. पहाटेपासून राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातात शेवटी कोणीतरी आग्रहाने खिरीची वाटी देते. काहींसाठी खरी अडचण त्यानंतर सुरू होते. तास-दोन तासांत पोट गुडगुडते, फुगते, मुरडा येतो आणि रॅलीच्या वेळी ते स्वच्छतागृह शोधत फिरतात. माझेही असेच व्हायचे. कित्येक वर्षे मी उन्हाला दोष दिला. खरे कारण दूध आहे, हे वयाच्या तिशीत कळले.

नेमके काय होते?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, १०० मिलीलीटरमध्ये साधारण ५ ग्रॅम. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. पुढे बहुतेक माणसांत ते कमी होत जाते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले जीवाणू ती आंबवतात, त्यातून वायू तयार होतो. ही साखर आतड्यात पाणीही ओढून घेते, त्यामुळे जुलाब होतात. यालाच लॅक्टोज इनटॉलरन्स म्हणतात. दुधाची ॲलर्जी वेगळी. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती दुधातील प्रथिनांवर प्रतिक्रिया देते आणि ती जिवावरही बेतू शकते.

जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज पूर्णपणे पचत नाही. मोठेपणीही दूध पचणे हा काही हजार वर्षांपूर्वी पशुपालक समाजांत पसरलेल्या जनुकीय बदलाचा परिणाम आहे. भारतात हा बदल वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळतो. एकाच घरातल्या दोन भावंडांतही फरक असू शकतो.

हे समजून घेणे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. “तुम्हाला दुधातुपाची सवय कुठे?” हा टोमणा वसतिगृहात, कचेरीत अनेकांनी ऐकला असेल. दूध म्हणजे शुद्ध, सात्त्विक आणि ते न पचणारा हलका, असा त्यामागचा भाव असतो. पोटातले विकर माणसाची प्रतिष्ठा ठरवत नाही. अशा टोमण्याला घाबरून त्रास सोसत दूध पिणे तर मुळीच गरजेचे नाही.

रोजच्या जगण्यात काय करावे?

दोन आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करून पाहा. त्रास थांबला आणि दूध पुन्हा सुरू केल्यावर परतला, तर डॉक्टरांशी बोला. श्वासातील हायड्रोजन मोजणारी तपासणीही असते. वजन घटणे, शौचातून रक्त, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नका.

सगळेच सोडावे लागत नाही. बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, जेवणासोबत फारसा त्रास न होता चालते. त्यामुळे चहातले थोडे दूध अनेकांना सोसते. दह्यातले जीवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात. तुपात ते जवळपास नसतेच. खवा, दूध पावडर आणि आटवलेली खीर यांत मात्र ते एकवटलेले असते. दूध उकळल्याने लॅक्टोज जात नाही. शेळीच्या आणि ‘ए-टू’ दुधातही ते असते.

दूध कमी केले, तर कॅल्शियमकडे लक्ष द्या. प्रौढाला रोज सुमारे १००० मिलीग्रॅम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम मिळते. तीळ, राजगिऱ्याची भाजी, काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी हे तर आपल्या घरातलेच पदार्थ. अंडी-मासे खात नसाल, तर बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्या.

दान घेणाऱ्याला मानवावे

सुजातेने खीर दिली ती उपासाने झिजलेल्या शरीराला. देहदंडाचा मार्ग सोडून सिद्धार्थाने ती स्वीकारली. शरीराला छळून ज्ञान मिळत नाही, हा त्या प्रसंगाचा बोध आहे. मग तीच खीर कोणाच्या पोटाला छळ ठरत असेल, तर आग्रह का करायचा? विनयातही आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध, गूळ यांची मुभा आहे. म्हणजे देहाची गरज ओळखण्याची परंपरा आपलीच आहे.

म्हणून येत्या पौर्णिमेला आयोजकांनी दोन पातेली ठेवावीत. एक दुधाच्या खिरीचे, दुसरे नारळाच्या दुधात गूळ घालून केलेल्या खिरीचे. दोन्हींवर स्पष्ट पाटी लावावी. आणि कोणी “मला नको” म्हटले, तर का म्हणून न विचारता हसून पुढची वाटी भरावी. तेही दानच आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!