नानकटाई : घरचे तूप आणि बाजारची भट्टी

दिवाळीच्या फराळातील पदार्थांची नावे घेतली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. करंजी, चकली, शंकरपाळे, अनारसे हे कढईत तळले जातात. लाडवाचे पीठ त्याच चुलीवर भाजले जाते. चूल हाच महाराष्ट्रीय स्वयंपाकघराचा पाया असल्यामुळे चहूबाजूंनी समान उष्णता देणारे साधन घरात नव्हते. या पंक्तीत नानकटाई तेवढी निराळी आहे. तिचा आरंभ घरात होतो, परंतु शेवट घराबाहेर, पाववाल्याच्या भट्टीत होतो.

‘नान’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ रोटी. पदार्थाच्या उगमाविषयी सुरतेच्या डच वखारीशी संबंध जोडणारी एक कथा सांगितली जाते. ती कशीही असो, नांदेड व लातूर या भागांत हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि फारसी-दखनी शब्द येथील बोलीत दुधात साखर विरघळावी तसे विरघळलेले आहेत. ज्वारीची भाकरी हे येथील नित्याचे अन्न. त्यामुळे मैद्याचा पदार्थ हा सणाचा, कौतुकाचा. हरभरा मात्र या मातीतला. लातूरची डाळींची बाजारपेठ तर सर्वश्रुतच आहे. म्हणून नानकटाईत मैद्याच्या जोडीला बेसन येते, ते घरचे म्हणूनच.

प्रमाण साधे आहे. मैदा 200 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, बारीक रवा 25 ग्रॅम, पिठीसाखर 125 ग्रॅम व तूप सुमारे 140 ग्रॅम. वर चिमूटभर खाण्याचा सोडा, चमचाभर दही, वेलदोड्याची पूड आणि मीठ नावापुरते. परंतु प्रमाण पाठ असूनही अनेकांची नानकटाई एक तर पत्र्यावर पसरून पापडासारखी होते, नाही तर दगडासारखी कठीण होते. याचे कारण प्रमाणात नसून कृतीत असते.

पहिले मर्म तुपाचे. तूप पातळ नसावे, रवाळ असावे. ते परातीत घेऊन तळहाताने फेसले म्हणजे त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे कोंडले जातात व तूप पांढरेशुभ्र, हलके होते. नानकटाईची खुसखुशीतता प्रथम येथे जन्म पावते. पातळ तुपात हवा टिकत नाही. वैशाखात नांदेडला पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा तूप थिजतच नाही. अशा वेळी तुपाचे भांडे थंड पाण्यात ठेवावे लागते. कार्तिकातील गार रात्री मात्र हे काम आपसूक करतात.

दुसरे मर्म मळण्याचे, किंबहुना न मळण्याचे. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते तिंबले असता चिवट तंतू तयार होतात. पोळीला ते हवेत, नानकटाईला नकोत. तूप कणाकणाला वेढून पाण्याला दूर ठेवते; शिवाय कढवलेल्या तुपात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून पीठ केवळ गोळा होईल इतकेच हलक्या हाताने एकत्र करावे. लोणी वापरल्यास त्यातील पाणी हा हेतू थोडाफार बिघडवते.

तिसरी गोष्ट साखर आणि सोडा. भरड साखर भट्टीत वितळून पाघळते आणि गोळा पसरतो, म्हणून पिठीसाखर. सोडा दह्यातील आंबटपणाशी मिळून वायू सोडतो व गोळा फुलतो. वरची साय सुकत असता आतला भाग फुगतो, म्हणूनच माथ्यावर त्या ओळखीच्या भेगा पडतात. सोडा अधिक झाल्यास मात्र साबणासारखी चव मागे राहते.

आता भट्टी. लाकडे जाळून विटांचा घुमट तापवितात, निखारे बाजूस सारतात आणि प्रथम कडक आचेवर पाव भाजतात. पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर नानकटाईचे पत्रे आत जातात, कारण तिला 160 ते 170 अंशांची मंद उष्णता पुरते. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आलेली नानकटाई मऊ लागते. ती कच्ची समजून पुन्हा आत घातली की बिघडली. निवताना तूप थिजते, साखर घट्ट होते, आणि मगच तिला कुरकुरीतपणा येतो.

या भट्ट्या बहुधा मुसलमान कारागिरांच्या. एके काळी सोवळ्याच्या घरांत भट्टीचा पाव वर्ज्य मानला जाई. तथापि, घरचे तूप-पीठ देऊन, मजुरी मोजून करवून घेतलेली नानकटाई लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाहुण्यांपुढे ठेवण्याइतका विश्वास या व्यवहारात निर्माण झाला. हिंदूच्या सणाचा डबा मुसलमानाच्या हातून भरून यावा, ही गोष्ट लहान दिसली तरी गावाच्या दृष्टीने लहान नव्हे.

आज दोन गोष्टी या चालीवर आघात करीत आहेत. पहिली वनस्पती तुपाची. ते स्वस्त व घट्ट असल्याने बाजारी मालात शिरले. परंतु त्यातील अपायकारक स्निग्धांशामुळे हृदयविकार बळावतो, म्हणून सरकारने 2022 पासून तशा स्निग्धांशाची मर्यादा शेकडा 2 ठरविली आहे. दुसरी गोष्ट धुराची. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हा आदेश मुंबईपुरता असला, तरी धूर सर्वत्र धूरच, आणि तो सर्वाधिक भट्टीवाल्याच्याच छातीत जातो.

लाकूड गेले तर चव जाईल, ही भीती अनाठायी आहे. चव तुपाची आणि मंद, समान आचेची; ती विजेच्या भट्टीतही साधते. घरी जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर तापवून, वर झाकण घालूनही ती बऱ्याच अंशी साधते. जपावयाचे ते लाकूड नव्हे. तूप फेसणारा हात आणि भट्टीवाल्याशी जोडलेला तो वर्षानुवर्षांचा विश्वास, ही दोन जपली तर नानकटाई आपोआप जपली जाईल.