ऑनलाइन खेळातले स्वयंसेवक आणि संघाचा विनय

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. मालवण, देवबाग, आचरा किनाऱ्यावर होड्या वर काढलेल्या असतात आणि तरुणांच्या हातात मोबाईल असतो. चौघांच्या टीममधला एक मालवणात, दुसरा मुंबईत, तिसरा नागपुरात आणि चौथा पूर्ण अनोळखी. पाणवठा आणि चावडी यांच्यासारखंच हेही आता सार्वजनिक ठिकाण झालं आहे. आडनाव विचारायचं आणि पुढची भाषा त्यावरून ठरवायची, ही खोड गावातून इथेही आली आहे. नवखा मुलगा चुकला की शिवी, आणि जात कळली की जातीवरून शिवी. म्हणून या मैदानात शांतता कोण राखतं, हा प्रश्न आपल्या चळवळीचाही आहे.

हे स्वयंसेवक कोण?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर समता सैनिक दलाचे सैनिक रांगा लावतात, पहिल्यांदा आलेल्याला वाट दाखवतात. त्यांना कोणी पगार देत नाही. जगभरच्या ऑनलाइन खेळांतही असे लोक आहेत. 'रुनस्केप' या खेळात निवडक खेळाडूंच्या नावापुढे चंदेरी मुकुट दिसतो. ते नवख्यांना मदत करतात आणि शिवीगाळ करणाऱ्याचं बोलणं काही काळ बंद करू शकतात. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये खेळाडूंनी २००४ साली स्वतःचं 'ईव्ह युनिव्हर्सिटी' काढलं. तिथे जुने खेळाडू नव्यांना मोफत शिकवतात. बुद्धिबळाचं 'लिचेस' हे संकेतस्थळ जाहिरातीशिवाय, फुकट चालतं. तिथे फसवणूक आणि अपशब्दांवर लक्ष ठेवण्याचं बरंचसं काम स्वयंसेवकच करतात.

अधिकार आला की प्रश्न येतो

ज्याच्या हातात दुसऱ्याला गप्प करण्याचा अधिकार आहे, त्याच्यावर अंकुश कोणाचा? 'लीग ऑफ लेजंड्स'ने २०११ मध्ये खेळाडूंचंच न्यायमंडळ सुरू केलं. तक्रारी आणि संभाषणाच्या नोंदी वाचून खेळाडू 'शिक्षा' किंवा 'माफी' असं मत देत. हजारो लोकांना जबाबदारी वाटली, हा त्याचा गुण. पण ज्याच्यावर आरोप, त्याची बाजू तिथे ऐकलीच जात नसे. २०१४ मध्ये ते बंद झालं.

इथे आपल्याला परक्या दारात जायची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की, भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते. ठराव कसा मांडायचा, गणपूर्ती किती, मतं कशी मोजायची, गुप्त मतदान कसं घ्यायचं, हे सगळं संघात होतं. विनयपिटकात वाद मिटवण्याच्या सात रीती आहेत. त्यातली पहिली 'सम्मुखा विनय': ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, तो समोर हवा. दुसरी एक 'येभुय्यसिका': एकमत होईना तर बहुमताने निर्णय. शेवटची 'तिणवत्थारक', म्हणजे गवताने झाकणं. दोन्ही गटांकडून चुका झाल्या असतील आणि उकरत बसल्याने भांडण वाढणारच असेल, तर दोघांनी मिळून ते झाकायचं. मात्र गंभीर अपराध या रीतीने झाकता येत नाहीत.

ही अट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. हरल्याच्या रागात दोन मुलं एकमेकांना वेडंवाकडं बोलली, तर गवत टाका. जातीवरून अपमान झाला, तर 'जाऊ दे, खेळच आहे' असं म्हणून गवत टाकू नका. समाजमाध्यमावर सर्वांना पाहता येईल असा जातीय अपमानही अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतो, असं केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटलं आहे. चौघांच्या बंद टीममधल्या बोलण्याला ते तसंच लागू होईल असं नाही. पण खेळ थेट प्रक्षेपित होत असेल, तर हा मुद्दा नक्की उभा राहतो. म्हणून रेकॉर्डिंग, वेळ, खेळाडूचं नाव जपून ठेवा. राष्ट्रीय अत्याचारविरोधी मदतवाहिनीचा क्रमांक १४५६६ आहे.

सेवा की वेठ?

दुसरी बाजूही पाहू. १९९७ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये नवख्यांच्या शंका सोडवणारे 'काउन्सेलर' स्वयंसेवक होते. २००० मध्ये त्यांच्यातल्या काहींनी मजुरीसाठी अमेरिकेत दावा केला. 'एओएल' कंपनीच्या गप्पांच्या खोल्या सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी त्याआधी, १९९९ मध्येच, दावा लावला होता. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. कामाच्या पाळ्या लावायच्या, हिशेब मागायचा, नफा कंपनीने घ्यायचा आणि नाव सेवेचं, ही वेठ झाली. वेठबिगारी म्हणजे काय हे आपल्या आजोबांना वेगळं शिकवावं लागलं नव्हतं. दान स्वखुशीचं असतं, आणि कधीही थांबवता येतं.

आपण काय करू शकतो?

विहारातल्या तरुणांनी आपापल्या गटापुरती सुरुवात करावी. नियम पाचच असोत, पण लिहिलेले आणि आधी सांगितलेले असोत. आडनाव, गाव, जात विचारायची नाही, हा पहिला. मुलींना आवाजावरून छळायचं नाही, हा दुसरा. कोणाला काढण्यापूर्वी त्याचं ऐकायचं, हा तिसरा. गट सांभाळणारा दर तीन महिन्यांनी बदलायचा, हा चौथा. पैसे लावायचे नाहीत, हा पाचवा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच घातली आहे.

आणि नवखा आला की त्याला पहिले दोन-तीन खेळ कोणीतरी सोबत द्यावी. रापण ओढताना दोरीला नवा हात लागला, तर त्याला कोणी हाकलत नाही. कुठे धरायचं आणि कधी ओढायचं, ते शेजारचा सांगतो. सम्यक वाचा वंदनेपुरती नाही. हेडफोन लावून, हरत असताना, अनोळखी माणसाशी आपण काय बोलतो, तिथे ती तपासली जाते.