मागचे स्पीकर गप्प का?

परदेशात तंत्रज्ञ घरी बोलवायचा म्हणजे खिशाला चाट! म्हणून कॉम्प्युटरवरचं ५.१ रेकॉर्डिंग पुढच्या दोनच स्पीकरमधून वाजत असेल, तर नवा रिसीव्हर घेण्याआधी केबल बघा. ऑप्टिकल केबलमधून कॉम्प्रेस न केलेला आवाज दोनच चॅनेलचा जातो. एचडीएमआयमध्ये २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या आठ चॅनेलची सोय असते. केबल बदलली की विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडा.

आता सगळे स्पीकर बोलू लागले, पण फाइल ९६ किलोहर्ट्झची आणि रिसीव्हरवर मात्र ४८ दिसतंय? मग विंडोज वाटेतच सॅम्पल रेट बदलतंय. प्लेअरमध्ये ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ हा पर्याय निवडा. दोन्हीकडचा आकडा जुळला, म्हणजे नव्या रिसीव्हरचा खर्च वाचला.