बोल्ट अडकत नाही, फुगतो

रास तनुरा या नावातला ‘रास’ म्हणजे भूशिर आणि ‘तनुरा’ म्हणजे भट्टी, असा अर्थ सांगतात. आपल्या तंदूरचाच हा अरबी भाऊबंद. पर्शियन आखातात घुसलेल्या या चिंचोळ्या पट्टीवर १ मे १९३९ रोजी राजे अब्दुल अझीझ यांनी झडप उघडली आणि सौदी अरेबियाचं कच्चं तेल पहिल्यांदा जहाजात पडलं. ज्या गावाचा इतिहास एका झडपेने सुरू झाला, त्या गावात सुट्टीच्या सकाळी कुणी गाडीचं ब्रेक कॅलिपर उघडायला बसला, की त्याची गाठ हमखास न फिरणाऱ्या बोल्टशी पडते.

पाना लावला. जोर दिला. बोल्ट किंचित सुटल्यासारखा वाटला, आणि दुसऱ्या क्षणी त्याचं डोकं पान्यासकट हातात आलं. तो सुटत नव्हताच, जागच्या जागी पिळला जात होता. बोल्टच्या दांड्याची पीळ सोसायची ताकद त्याच्या व्यासाच्या घनावर अवलंबून असते. १० मिलिमीटरचा दांडा गंजून ८ मिलिमीटरचा उरला, तर व्यास फक्त पाचवा हिस्सा घटतो, ताकद मात्र जवळपास निम्मी होते!

पण मुळात तो फिरत का नाही? आपण म्हणतो ‘जाम झाला’, जणू आत काही कचरा अडकलाय. खरी गोष्ट यापेक्षा कितीतरी विलक्षण आहे. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा मागतो. पाणी धरून बसलेला गंज सहा पटींपर्यंतही जातो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत ही वाढ होते, तिला पसरायला जागाच नसते, म्हणून ती दोन्ही बाजूंना रेटते. मुंबईत समुद्राजवळच्या जुन्या इमारतींच्या सज्जांचं काँक्रीट फुटून गंजलेली सळई बाहेर दिसते ना, तोच हा रेटा. काँक्रीट फोडणारा जोर तुमच्या बोल्टला आवळून बसलेला असतो.

रास तनुरात हे सगळं झपाट्याने होतं. आखात उथळ, सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास, ऊन प्रचंड; पाणी उडत राहतं आणि मागे उरलेलं पाणी महासागरापेक्षा खारट होतं. जवळच्या धाहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंश सेल्सिअस नोंदला गेला, म्हणजे हवेत वाफ प्रचंड. पावसाळ्यात कोकणातल्या घरी मिठाची बरणी ओली होते, ती कुणी पाणी घालतं म्हणून नव्हे. साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्रमिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. गाडीच्या पोटाखाली बसलेल्या मिठाच्या कणांचं तसंच. पाऊस नसला तरी तिथे खाऱ्या पाण्याचा पापुद्रा असतो.

डोकं तुटलं, आता संपलं, असं वाटतं. पण यात एक चांगली गोष्टही झालेली असते. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. डोकं गेलं की तो ताण नाहीसा होतो आणि त्यामुळे आट्यांवर आलेला दाबही जातो. आता धरून ठेवणारा एकच उरला, गंज. आणि गंज ठिसूळ असतो. म्हणून हातोडीचे नेमके ठोके कामाला येतात. त्यांनी गंजाला तडे जातात, आणि त्या तड्यांतून पातळ तेल केशाकर्षणाने आत शिरतं. फट जितकी बारीक, तितक्या जोराने तेल ओढलं जातं. याला वेळ लागतो. तेल रात्रभर मुरू द्यावं.

यानंतरचा उपाय मला सर्वांत सुंदर वाटतो. लोखंड तापवलं की त्यातलं भोक लहान होईल की मोठं? बहुतेकांना वाटतं लहान. ते मोठं होतं! आपल्या लोहाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तो ती लालबुंद तापवतो, फुगलेली धाव लाकडावर सहज बसते, पाणी पडलं की आवळते. इथे तेच उलट्या हेतूने करायचं. १० मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०३६ मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला नगण्य, पण गंजाची पकड मोडायला बऱ्याचदा तेवढं पुरतं.

तुटका तुकडा थोडा वर राहिला असेल तर त्यावर नट वेल्ड करतात. त्या उष्णतेने बोल्ट फुगू पाहतो, भोवतालचा थंड धातू त्याला फुगू देत नाही, म्हणून तो आतल्या आत दबतो आणि निवताना पूर्वीपेक्षा बारीक होतो. शिवाय पाना लावायला नवं डोकंही मिळतं. ज्योत किंवा वेल्डिंग मात्र ब्रेकच्या रबरी नळ्या, पेट्रोलचा पाइप आणि तेलाने भिजलेली जागा यांच्या आसपास अजिबात नको. तसं करावं लागणार असेल तर काम अनुभवी मेकॅनिकला द्या.

तुकडा आतच बुडाला असेल तर मधोमध पंच मारून उलट्या फिरकीचं ड्रिल लावतात. कधी कधी ते ड्रिलच चावून बोल्टला बाहेर घेऊन येतं. नाहीतर त्या भोकात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतात. तो फार कठीण पोलादाचा आणि म्हणूनच ठिसूळ. हातात घाई असली की तोही आत तुटतो, आणि मग साधं ड्रिल त्याच्यापुढे चालत नाही. तिथे विजेची ठिणगी लागते. १९४३ साली सोव्हिएत संघातलं लाझारेन्को दांपत्य ठिणग्यांनी विजेचे संपर्कबिंदू का झिजतात हे शोधत होतं. झीज थांबवायला निघालेल्या त्या दोघांनी झिजेलाच हत्यार केलं. अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर यांनी असंच यंत्र बनवलं, ते तर ॲल्युमिनियममध्ये तुटलेले टॅप आणि ड्रिल काढण्यासाठीच. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये आज ‘स्पार्क इरोजन’ म्हणतात ते हेच.

नवा बोल्ट बसवताना आटे ब्रशने स्वच्छ करा आणि गाडीच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर जाम न होऊ देणारं वंगण पातळ लावा. पान्यावर दिलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के घर्षणात जातो, १० टक्केच बोल्टला ताणतो. वंगणाने घर्षण घटलं की तोच जोर बोल्टला जास्त ताणतो. तेव्हा कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्कचा आकडा वंगण लावलेल्या आट्यांवर जसाच्या तसा वापरू नका.